सिकलसेल: साक्षगंधाआधी रक्त तपासा, आणि रिपोर्ट कोणाकडून तरी समजून घ्या

वैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यात एका उपकेंद्राला आरोग्यसेविका आहे. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि तिथंच सोयरिकी जुळतात. पाठोपाठ साक्षगंध (साखरपुडा), उन्हाळ्यात लग्न. या सगळ्या धावपळीत सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या, रक्ताच्या लाल पेशी वाकड्या करणाऱ्या आजाराच्या, रिपोर्टची आठवण कोणालाच होत नाही. त्याबद्दल सविस्तर बोलायचं म्हणून धागा काढते आहे.

तपासणी होत नाही असं माझं म्हणणं नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 17 राज्यांतल्या आदिवासी भागांत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट ठेवलं. आपल्याकडे तर त्याच्या किती तरी आधीपासून शाळा-आश्रमशाळांत रक्त घेतात. बोट टोचतात, सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी करतात, पॉझिटिव्ह आलं की पुढचा नमुना पक्क्या तपासणीला, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसला नाहीतर एचपीएलसीला जातो. काही दिवसांनी कार्ड हातात पडतं. त्यावर 'एएस' लिहिलेलं असतं. एएस म्हणजे काय, हे त्या पोरीला समोर बसवून सांगायला मात्र कोणाकडे वेळ नसतो. आई ते कार्ड पासबुकाच्या पिशवीत घालून ठेवते आणि पोरगी सासरी जाते.

माझ्याकडे एक पहिलटकरीण पाचव्या महिन्यात नोंदणीला आली. माहेरी राहून आलेली, म्हणून उशीर. विचारता विचारता कळलं की तिची तपासणी आश्रमशाळेत झालेली, नवऱ्याची वसतिगृहात. दोघंही एएस, म्हणजे वाहक. एक कार्ड तिच्या माहेरी, एक सासरच्या पेटीत. दोघांनाही वाटत होतं की आपल्याला थोडा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही. बाळ झालं ते एसएस, म्हणजे रुग्ण. आठव्या महिन्यात त्याच्या दोन्ही हातांची बोटं सुजली, पंजा असा फुगला की मूठ मिटेना. आजीने विंचू चावला असेल म्हणून मंत्र घातला. दोन दिवस लेकरू रडून रडून थकलं, तेव्हा माझ्याकडे आणलं.

त्या आईने मला एकच विचारलं, "ताई, शाळेत रक्त घेतलं होतं ना माझं?" घेतलं होतं. म्हणूनच मी म्हणते की रक्त घेणं हे अर्धंसुद्धा काम नाही. रिपोर्ट ज्याचा आहे त्याला, त्याच्या बोलीत, लग्नाआधी समजला पाहिजे. तुमच्या गावात हे कसं होतं? काही चांगलं जमलं असेल तर जरूर सांगा.

लॅबवाला:
ताई, फार गरजेचा विषय. मी चंद्रपूर जिल्ह्यात टेक्निशियन आहे. लोक नेहमी गोंधळतात त्या दोन-तीन गोष्टी लिहितो.

एएस म्हणजे वाहक. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन जनुकांपैकी एकच सिकलचं. हा माणूस आजारी नाही. शेती करतो, पोलीस भरतीला धावतो, त्याला गोळ्या लागत नाहीत. एसएस म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची, तो रुग्ण. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं सांगते, एएस की एसएस हे सांगत नाही. तेवढ्यावर कोणी तुम्हाला "सिकल निघाला" म्हणून घरी पाठवत असेल तर पुढची तपासणी मागून घ्या. तान्ह्या बाळात सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवू नका, कारण सुरुवातीचे महिने गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. नाहीतर मशीन दात्याचं रक्त वाचतं आणि रिपोर्ट चुकतो.

दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता 25 टक्के, एएसची 50, पूर्ण निरोगी जनुकांची 25. प्रत्येक गरोदरपणात, हे लक्षात घ्या. "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली" असं मला एका सासऱ्याने सांगितलं होतं. तसं नसतं. दरवेळी हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो. एक एएस आणि दुसरा अगदी साधा असेल तर एसएस बाळ होतच नाही. ही गोष्ट मात्र मोठ्या आवाजात सांगायला हवी, कारण वाहक पोरींची लग्नं विनाकारण मोडतात.

पऱ्हाटी:
यवतमाळकडून लिहितो. आमच्याकडे अजून "हा आदिवासीयचा रोग हाय" असं म्हणणारे सुशिक्षित लोक भेटतात. दुसरा म्हणते हा बौद्धांचा. मग कुणबी-तेली घरातलं पोट्टं दुखून लोळते तेव्हा वर्षभर वाताचं तेल चोळत बसतेत, कोणी सिकलची तपासणीच लिहून देत नाही. काहून? तर "तुमच्यात नसते ते".

वैनगंगाकाठ:
पऱ्हाटी दादा, अगदी खरं बोललात. विदर्भात हा आजार गोंड, माडिया, परधान, कोरकू यांच्यात आहे, बौद्ध समाजात आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. काही आदिवासी समूहांत वाहकांचं प्रमाण फार मोठं आहे एवढंच. याचं कारण हिवताप. वाहकाला फाल्सिपेरम मलेरिया झाला तरी तो जिवावर बेतण्याचा धोका कमी असतो. 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं. जिथं पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसं गेली तिथं हे जनुक टिकून राहिलं. आमच्या जंगलात तेच झालं. त्यात कोणाच्या कुळाचा दोष नाही. आणि सोयरीक आपल्याच समाजात, त्यातही मामा-आत्याच्या घरी करायची रीत असली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते.

दूरदेशी:
मी मूळची भंडारा जिल्ह्यातली, सध्या इंग्लंडमध्ये. इथं प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून साधारण पाचव्या दिवशी रक्ताचे थेंब घेतात. त्यात जे आजार बघतात त्यांत सिकलसेल आहे. गरोदरपणातही सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतात, तुमचे आणि बाळाच्या वडिलांचे पूर्वज कुठले म्हणून. मी 'भारत' लिहिलं. रक्त घेतलं तर मी वाहक निघाले. नवऱ्याला लगेच बोलावलं, त्याचं रक्त साधं निघालं. मग एक नर्स आमच्यासोबत निवांत बसली, कागदावर चित्र काढून समजावलं, आणि सांगितलं की भारतातल्या भावंडांनाही कळवा.

कळवलं. घरून उत्तर आलं, "हे कोणाला सांगू नको, धाकटीचं लग्न व्हायचं आहे." शिकलेलं घर आहे आमचं. मला फार वाईट वाटलं. इथं आपल्या लोकांत अजून एक समज आहे, की सिकलसेल म्हणजे आफ्रिकन आणि कॅरिबियन लोकांचा आजार. पंजाबी-गुजराती मैत्रिणींनी तर नावही ऐकलेलं नव्हतं. गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात तो भरपूर आहे, तरीसुद्धा. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत 2006 पासून नवजात बाळांची ही तपासणी होते. परदेशात जन्मलेलं आपलं लेकरू आठवडाभरात तपासलं जातं, आणि माझ्या माहेरच्या गावातलं लेकरू पंजे सुजेपर्यंत वाट बघतं, हे मला सहन होत नाही.

लॅबवाला:
दूरदेशी ताई, स्थलांतराचा आणि या आजाराचा संबंध भारतात पहिल्यापासूनचा आहे. आपल्याकडे सिकलसेलची पहिली नोंद 1952 ची. एक निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत, आणि त्याच वर्षी दुसरी आसामच्या चहामळ्यांत. तिथले मजूर बाहेरून, बिहार-ओडिशाकडून नेलेले होते. जगात पहिल्यांदा हा आजार वर्णन झाला 1910 मध्ये शिकागोत, तोही कॅरिबियन बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्यात.

धानाचा बांध:
मी स्वतः एसएस. गोंदिया जिल्हा. बी.ए. झालो, आता गावातच छोटं दुकान आहे. डॉक्टर लोक क्रायसिस म्हणतात, आम्ही म्हणतो दुखणं उठलं. कसं असते ते सांगतो. पहिले मांड्यांत नाहीतर कमरेत ठणका सुरू होते, मग हाडाच्या आतून कोणी पिळून राहिलं असं वाटते. बाहेरून काहीच दिसत नाही, ना सूज, ना जखम. म्हणून मास्तर म्हणे नाटक करते, आणि घरी काका म्हणे कामचोर. रोवणीच्या दिवसांत सगळं गाव बांधीत, मी एकटा ओसरीवर. पावसाच्या थंड पाण्यात दोन तास वाकून उभा राहिलो की रात्री ठरलेलं. ते मला समजायलाच किती वर्ष गेले.

बारावीत असताना आमच्या पीएचसीच्या सिस्टरनं सांगितलं की सिकलसेलच्या विद्यार्थ्याला बोर्डाच्या पेपरला तासामागं 20 मिनिटं जादा भेटतात. कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं. तिनंच कागद करून दिले. एसटीच्या साध्या गाडीत आम्हाला फुकट प्रवास आहे. 2016 च्या अपंगांच्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेलचं नाव आहे, म्हणजे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येते. कोणी सांगितलं नाही तर हे सगळं कागदावरच राहते.

हायड्रॉक्सियुरिया सुरू झाल्यापासून माझं वर्षच बदललं. पहिले दर महिन्या-दीड महिन्यात भरती व्हायचो. आता उन्हाळ्यात एखाद्या वेळी. बस, गोळी रोज घ्या लागते, आणि रक्त तपासत राहा लागते.

पऱ्हाटी:
भाऊ, वाचून मन भरून आलं. आमच्या वर्गात एक होता असाच, त्याले आम्ही आळशी म्हणत होतो. त्याले खरंच काय होत होतं कोणास ठाऊक.

बाळांचा डॉक्टर:
विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे. धानाचा बांध यांनी फार नेमकं लिहिलं आहे. आईवडिलांसाठी काही गोष्टी जोडतो.

साधी लाल पेशी 120 दिवस जगते. एसएस असलेल्या मुलाची पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी, आणि फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे. हे पिवळे डोळे बघून घरचे लोक कावीळ समजतात, झाडपाला सुरू करतात, तेल-डाळ बंद करून लेकराला नुसत्या पेजेवर ठेवतात. आधीच अशक्त मूल आणखी खंगतं. वारंवार 'कावीळ' होणाऱ्या मुलाची सिकलची तपासणी झालीच पाहिजे.

सगळ्यात जास्त भीती पहिल्या पाच वर्षांत असते, ती दुखण्याची नव्हे, तापाची आणि पाणथरीची (प्लीहेची). या मुलांची पाणथरी लवकर निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरतात. पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, लसीकरणातली एकही लस न चुकवणं, आणि ताप 101 च्या वर गेला की सकाळची वाट न बघता दवाखाना गाठणं, या तीन गोष्टींनी लेकरं वाचतात. कधी कधी शरीरातलं रक्त एकदम पाणथरीत साठतं. मूल काही तासांत पांढरं पडतं, पोटाची डावी बाजू टणक लागते. मी प्रत्येक आईचा हात धरून तिच्या लेकराच्या डाव्या बरगडीखाली ठेवतो आणि पाणथरी कुठवर आहे ते बोटांना दाखवतो. शिकलेली असो नसो, एकदा दाखवलं की आई विसरत नाही. एकीने तर बाजाराच्या दिवशी एसटी थांबवून लेकरू आणलं होतं, तिच्या बोटांना फरक कळला म्हणून. वेळेत रक्त चढवता आलं.

हायड्रॉक्सियुरियाने गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी वाकड्या होण्याचं प्रमाण कमी होतं. दुखणं कमी, भरती कमी, रक्त चढवणं कमी. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कमी मात्रेच्या गोळीवर झालेलं काम बाहेरच्या देशांतही वाचलं जातं. एके काळी पुस्तकात लिहीत की भारतातला सिकल सौम्य असतो. मध्य भारतातली मुलं पाहिलेल्या कोणीही तसं म्हणणार नाही. या गोळीवर असताना बाळ हवं असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि रक्त कमी दिसलं म्हणून एसएस मुलाला लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. लोह खरंच कमी आहे का ते बघूनच द्यायच्या असतात. फॉलिक अ‍ॅसिडचं तसं नाही, ते चालू ठेवायचं.

सरळ बोलतो:
सगळं ठीक आहे, पण उपाय तर साधा आहे. एएस-एएस लग्नाला सरळ बंदी घाला. एका पिढीत आजार संपेल. समजावण्यात किती वर्षं घालवणार?

वैनगंगाकाठ:
दादा, तुमची तळमळ समजते. पण बंदीने नेमकं काय होईल ते मी गावात रोज बघते. आज बंदी नसतानाही लोक कार्ड लपवतात. बंदी आली तर तपासणीलाच येणार नाहीत. त्यातही पोराचं कार्ड कोणी विचारत नाही, पोरीचं विचारतात. एक एएस पोरगी तर पूर्ण साध्या रक्ताच्या मुलाशी जुळलेली होती, सासरच्यांनी 'सिकलची आहे' म्हणून नारळ परत केला. तिच्या पोटी रुग्ण बाळ जन्मण्याची शक्यताच नव्हती! असं अज्ञान हातात असताना बंदीची काठी द्यायची?

परतवाडा:
मी काही वर्षं सौदीत नोकरीला होतो, म्हणून लिहितो. तिथल्या पूर्व भागात हा आजार खूप आहे, आणि जनुकाचा प्रकार आपल्याशी मिळताजुळता, त्याला अरब-भारतीय असंच नाव आहे. 2004 पासून तिथं लग्नाआधी रक्ततपासणी सक्तीची आहे. पण तपासणी सक्तीची, निर्णय जोडप्याचा. रिपोर्ट जुळला नाही तर समुपदेशन करतात, लग्न करण्यापासून अडवत नाहीत. सुरुवातीला बरेच लोक रिपोर्ट न जुळताही लग्न करत होते, कारण तोवर आमंत्रणं गेलेली असत. अब्रूचा प्रश्न. म्हणजे तपासणी लग्नाच्या तोंडावर असून चालत नाही, ठरवाठरवीच्या फार आधी हवी. मेळघाटात आमच्या कोरकू भागात पोरांची लग्नं लवकर होतात, तिथं तर नववी-दहावीतच हे सांगितलं पाहिजे.

बाळांचा डॉक्टर:
परतवाडा यांच्याशी पूर्ण सहमत. आणि दोघं एएस असून लग्न झालेलंच असेल तरी दार बंद होत नाही. दिवस गेले की लगेच नोंदणी करा. साधारण 11 ते 14 आठवड्यांत वारेचा छोटा नमुना घेऊन बाळ एसएस आहे का ते कळू शकतं. पुढे काय करायचं ते त्या आईबापाने ठरवायचं, त्यात डॉक्टरने किंवा सासूने ढवळाढवळ करू नये. पण पाचव्या महिन्यात आलेल्या बाईसमोर हा पर्याय उरतच नाही. विदर्भातल्या प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांत सिकल तपासणी, आणि ती एएस निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची, एवढं झालं तरी खूप.

वैनगंगाकाठ:
नवऱ्याची! तिथंच तर गाडी अडते, डॉक्टर. नवरा गावात असला तर ना. फेब्रुवारी लागला की आमच्याकडून गाड्या भरभरून लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात. गडचिरोलीतून, चंद्रपुरातून, कधी अख्खं कुटुंब, लेकराबाळांसकट. शेतात ताडपत्रीचा आडोसा, मार्च-एप्रिलचं ऊन, पिण्याचं पाणी लांब. सिकलच्या माणसाला ज्या ज्या गोष्टी टाळायच्या सांगतो, त्या सगळ्या तिथं एकत्र. त्याची गोळी इथल्या दवाखान्यातून महिन्याची महिन्याला मिळते. तो गेला दोन महिन्यांसाठी. गोळी सुटते, दुखणं उठतं, तिथला डॉक्टर तेलुगूत विचारतो आणि याला आपला आजार मराठीतही नीट सांगता येत नाही.

धानाचा बांध:
माझा चुलतभाऊ असाच गेला होता मिरचीले. तोही एसएस. मुकादमाले सांगितलं नाही, सांगितलं असतं तर नेलं नसतं. ॲडव्हान्स घेऊन बसला होता ना. तिथं छातीत दुखाले लागलं, दम लागला. सोबतच्यायले वाटलं मिरचीची धांस लागली. तीन दिवसांनी भरती केलं. वाचला, पण आता त्याले चढावर सायकल चालवता येत नाही.

बाळांचा डॉक्टर:
छातीत दुखणं, ताप आणि दम एकत्र आले की ती सिकलमधली मोठी आणीबाणी असते. तोंडाचा एक भाग किंवा हात अचानक लुळा पडला तरी तसंच, लहान मुलांतही पक्षाघात होतो. यात एक तासही घरी काढायचा नाही.

दूरदेशी:
मला एक सुचतं. इथं रुग्णाजवळ त्याची उपचारांची नोंद असते, कुठल्याही दवाखान्यात गेला तर पहिल्यापासून सांगावं लागत नाही. मजुरीला जाणाऱ्यांना निघताना मराठीसोबत तेलुगूत लिहिलेला एक कागद देता येईल का? एसएस आहे, अमुक गोळी इतकी चालू आहे, ताप किंवा दम लागला तर लगेच भरती करा, एवढंच. तेलुगू लिहून द्यायला माझ्या ओळखीचे लोक आहेत, मी करून घेते.

पऱ्हाटी:
ताई, हे भारी होईल. आमच्याकडचे लोक सुरत, पुणे, हैदराबाद सगळीकडे जाते. गुजरातीत, हिंदीतही पाहिजे. हिंदीचं मी लिहितो.

मास्तर नागभीड:
उशिरा आलो. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मेंडेलचे वाटाणे शिकवताना मी आता सिकलसेलचंच उदाहरण घेतो. मुलं स्वतःच चौकट मांडून काढतात, आई एएस, बाप एएस, किती टक्के. नंतर दोघं-चौघं तास संपल्यावर थांबतात आणि हळूच घरचं कार्ड दाखवतात. वर्गात कोणाचंही कार्ड विचारत नाही, हा नियम पक्का ठेवला आहे. आणखी एक करता येईल. झाडीपट्टीत मंडईच्या रात्री नाटक असतं, हजारांनी लोक असतात. मध्यंतरात दहा मिनिटं माईक मिळाला तर ज्यांच्या सोयरिकी जुळणार आहेत ते सगळे तिथंच समोर बसलेले असतात. आमच्या गावच्या मंडळाशी मी बोललो आहे, ते तयार आहेत. बोलायला झाडीबोलीत बोलणारं कोणी हवं. धानाचा बांध, तुम्ही याल का?

धानाचा बांध:
येतो मास्तर. स्टेजवर कधी बोललो नाही, पण माझंच सांगायचं आहे तर सांगीन.

वैनगंगाकाठ:
मास्तर, मीही येते. बोट टोचायचं किट आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून आणते, पण रात्रीच्या गर्दीत रक्त घ्यायला नको, लोक एकमेकांचं बघतात. रात्री बोलू, सकाळी शाळेत तपासू, आणि एचपीएलसीचा रिपोर्ट आला की ज्याचा त्याला घरी नेऊन देऊ. अठरा वर्षांवरच्या पोरीचा रिपोर्ट आधी तिच्याच हातात.

दूरदेशी ताई, तेलुगू कागदाचं काम लगेच धरा, फेब्रुवारीच्या आधी हवं. तेलंगणा त्या 17 राज्यांत आहे, तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात सिकलसेल हा शब्द नवा नसेल. मजूर कोणत्या मंडलात उतरणार हे मुकादमाला आधी माहीत असतं. आमच्या दोन मुकादमांशी मी पुढच्या बाजारी बोलते, आणि निघणाऱ्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देते. डॉक्टर, गोळीवर असताना मधे रक्त तपासायचं राहिलं तर दोन महिन्यांच्या गोळ्या देणं सुरक्षित आहे का?

बाळांचा डॉक्टर:
मात्रा स्थिर असेल आणि आधीचे रिपोर्ट चांगले असतील तर दोन महिने चालतं. निघायच्या आठवड्यात एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या आणि परतल्यावर लगेच दुसरी. नुकतीच गोळी सुरू झालेल्याला मात्र पाठवू नका, त्याला पहिले काही महिने दर महिन्याला बघावं लागतं. अर्जात हे लिहा, हवं तर मसुदा मला पाठवा.